इंटरव्हलनंतरचा सिनेमा

शरद गद्र्यांनी छत्तीस वर्षं रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात काढली. समोर टेबलभर पसरलेला कागद, त्यावर एका बाजूला स्टेशनांची नावं, दुसऱ्या बाजूला तास-मिनिटं, कानाला फोन आणि हातात पेन्सिल. कुठली गाडी कुठे पोचली, कुणाला साइडिंगला, बाजूच्या रुळावर, उभं केलं, कोण किती उशिरा धावतंय, हे सगळं त्या कागदावरच्या तिरक्या रेघांत यायचं. पुढे संगणक आले आणि कागद गेला, पण शरदरावांच्या डोक्यातल्या रेघा काही गेल्या नाहीत. निवृत्तीनंतरही पत्नी आनंदीबाई भाजी आणायला निघाल्या की ते म्हणायचे, "दहा चाळीसला निघालीस. सव्वाअकराला यायला हवीस." त्या साडेअकराला आल्या की कारण विचारायचे. रागावून नाही, नोंद असावी म्हणून.

सिनेमाचा आणि त्यांचा फारसा संबंध कधी नव्हता. लग्नानंतर दोन-तीन पाहिले असतील, त्यातल्या एकात झोप लागली होती. पण करोनाच्या टाळेबंदीत नदीकाठच्या दुर्गाघाटावरच्या त्यांच्या घरात वेगळीच अडचण उभी राहिली. मुलगा सुमंत आणि सून रुची दोघंही बँकेत, आणि बँका चालूच होत्या. नात अंतरा तेव्हा चार वर्षांची. आनंदीबाई स्वयंपाकघरात अडकलेल्या. अंतराजवळ बसायचं काम शरदरावांकडे आलं, आणि अंतरा बसायची ती टीव्हीसमोर.

पहिला सिनेमा होता एका खारीचा. हरवलेल्या भावाला शोधायला ती डोंगरापलीकडे जाते असा. शरदरावांनी अर्धा तास तो पाहिला. मग त्यांनी विचारलं, "ही सकाळी निघाली ना गं? मग पोचली तेव्हा अंधार कसा? मधे कुठे थांबली?"

"आजोबा, ती खार आहे," अंतरा म्हणाली.

"खार असली म्हणून काय झालं? चालायला वेळ तर लागेलच."

इथून सुरुवात झाली. टाळेबंदी उठली, अंतरा शाळेत जाऊ लागली, तरी आजोबा-नातीचे सिनेमे चालू राहिले. कार्टूनचे, साहसाचे, जंगलाचे, समुद्राचे, खजिन्याचे. पाच वर्षांत त्यांनी इतके पाहिले की शरदरावांची मतं पक्की होत गेली.

वेळेचा आणि पल्ल्याचा आग्रह तर होताच. त्याशिवाय, सिनेमातली मुलं दोन-दोन दिवस रानात हिंडतात आणि कुणी काही खाताना दिसत नाही, हे त्यांना अजिबात पटत नसे. "मुलं बघत असतात. भूक लागते हे दाखवायला काय जातं?" आई पहिल्या दहा मिनिटांत मारून टाकायची आणि मग गोष्ट सुरू करायची, हा त्यांच्या लेखी निव्वळ आळस होता. जाड्या मुलाला हसायचं, तो पडला की हसायचं, उठला की पुन्हा पाडायचं, असं दिसलं की ते टीव्ही बंद करत आणि अंतराने कितीही आरडाओरडा केला तरी त्या दिवशी पुन्हा लावत नसत. भीतीचं मात्र त्यांना वावडं नव्हतं. अंधार दाखवा, वादळ दाखवा, पण घाबरलेल्या पोराशेजारी कुणीतरी येऊन बसलेलं दिसलं पाहिजे, मग ते अस्वल का असेना. एका हत्तीच्या पिल्लाच्या सिनेमात सगळा कळप नदीपाशी दिवसभर थांबून राहतो. तो त्यांना फार आवडला होता. "एकासाठी पूर्ण गाडी थांबवली. असं करायला हिंमत लागते," असं ते त्यावर म्हणाले होते.

दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांतल्या, हिंदी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. मुळात गणेशोत्सवासाठी काढलेला. एकदा कुणीतरी त्यावर विचारलं की मुलांना अमुक सिनेमाला न्यावं का. शरदरावांनी चार ओळींत उत्तर दिलं. पुढच्या वेळी लोकांनी आपणहून त्यांनाच विचारलं. हळूहळू असं झालं की नवा मुलांचा सिनेमा लागला की आयाबाया गल्लीत त्यांना थांबवून विचारायच्या, "गद्रेकाका, नेऊ का?" ते 'न्या' म्हणाले की न्यायच्या. 'नको' म्हणाले की पोरं घरी मुसमुसत बसायची. आनंदीबाई म्हणायच्या, "सगळ्या मोहल्ल्याची पोरं तुमच्या नावाने बोटं मोडतायत."

"सिग्नल लाल दिला की ड्रायव्हरही चिडतो," शरदराव म्हणायचे.

गेल्या डिसेंबरात एक नवा कार्टून सिनेमा आला. निरा नावाची मुलगी, समुद्रातल्या एका खडकावरचं दीपगृह, एक बोलणारा खेकडा. रुची सुट्टीच्या दिवशी अंतराला आणि शेजारच्या सईला घेऊन सिगरा भागातल्या मॉलमध्ये निघाली. सई आठ वर्षांची, अंतराहून एका वर्षाने लहान आणि तिची सावली. शरदरावही अर्थातच बरोबर होते.

पहिला अर्धा भाग त्यांनी कसाबसा काढला. तो खेकडा दर पाच मिनिटांनी ढेकर द्यायचा आणि पोरं खिदळायची. गाणी मोठ्यांदा. निरा एका दृश्यात छत्री उघडून वाऱ्यावर उडत अख्खी खाडी ओलांडते आणि परत येते तोवर आजीचा चहासुद्धा उकळलेला नसतो. इंटरव्हलला दिवे लागले तसे शरदराव उठले आणि बाहेर बाकावर जाऊन बसले. तिथूनच त्यांनी ग्रुपवर लिहिलं: 'नेऊ नका. वेळेचा काही मेळ नाही. खेकडा असभ्य आहे.'

घरी येताना रिक्षात अंतरा म्हणाली, "आजोबा, तुम्ही पूरा पाहिलाच नाही. असली पिक्चर तर इंटरव्हलच्या बादच आहे."

"एका डब्याचा ॲक्सल गरम झालेला दिसला की गाडी थांबवतात. बाकीचे डबे तपासत बसत नाहीत."

"पण तुम्ही सगळ्यांना मना केलं. आता कोणीच नाही पाहणार."

ते खरंच होतं. गल्लीतून कुणीही तो सिनेमा पाहायला गेलं नाही. महिन्याभरात तो टीव्हीवर आला तेव्हा अंतराने सईला बोलावून तो पाच वेळा पाहिला. आजोबा त्या वेळी मुद्दाम वरच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र वाचत बसायचे. आनंदीबाई येता-जाता थोडा-थोडा बघायच्या, पण त्यांनाही सलग काही कळलं नव्हतं.

इथे शरदरावांच्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं. विश्वजीत त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. वडिलांच्या मागून पौरोहित्य त्यानेच केलं, पाठशाळेत शिकवलंही. भोसले घाटाच्या मागच्या एका दगडी घरात वरच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको गीता राहत. दुर्गाघाटावरून चालत दहा मिनिटं. तरी दोघा भावांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. वडिलांच्या हस्तलिखित पोथ्यांच्या पेट्या शरदरावांच्या घरी होत्या. वाळवी लागायला लागली तशी शरदरावांनी त्या एका ग्रंथालयाला देऊन टाकल्या, आणि भावाला सांगितलं ते दिल्यानंतर. विश्वजीत म्हणाला, "ज्या पोथ्यांवर मी शिकलो त्या मला न विचारता दिल्यास." शरदराव म्हणाले, "तुझ्याकडे ठेवायला कोरडी जागा तरी होती का?" दोघांचंही थोडंथोडं बरोबर होतं, म्हणूनच ते मिटलं नाही.

बायकांनी मात्र संबंध तोडले नव्हते. आनंदीबाई आणि गीता शुक्रवारी संकठा देवीच्या दर्शनाला भेटायच्या. हळदीकुंकवाला आनंदीबाई अंतराला घेऊन गीताकडे जाऊनही आल्या होत्या. आणि शरदराव रोज सकाळी घाटाघाटाने गणेश घाटापर्यंत फिरायला जायचे आणि तिथून वळायचे. तिथून भोसले घाटाच्या पायऱ्या दिसतात. स्नान उरकून विश्वजीत त्या पायऱ्यांवर मरून रंगाची शाल पांघरून जपाला बसायचा. शरदराव घरी येऊन चहाचा कप हातात घेताना एवढंच म्हणायचे, "दिसला." आनंदीबाई 'हं' म्हणायच्या. अकरा वर्षं हा एक शब्द चालू होता, आणि त्याबद्दल कुणी दुसरा शब्द काढत नसे.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थंडीने कहर केला. शाळांना सुट्टी मिळाली. धुकं असं की घाटाच्या वरच्या पायरीवरून खालची पायरी दिसेना. गीता तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेली होती. सोमवारी फिरून आल्यावर शरदराव म्हणाले, "आज दिसला नाही." मंगळवारी तेच. बुधवारीही तेच. आनंदीबाईंनी विचारलं, "फोन करून बघू का? परवा भावोजी फोनवर म्हणाले होते सर्दी झालीय."

"धुकं आहे गं. दिसणार कसा?" शरदराव म्हणाले आणि चहा प्यायले. अंतरा शेजारी बसून दुधात टोस्ट बुडवून खात होती.

त्या बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर अंतराने स्वेटरवर जाकीट चढवलं, कानटोपी घातली आणि म्हणाली, "सईकडे जाते." सईचं घर तिसरं. शरदरावांनी घड्याळ पाहिलं, एक वाजून दहा मिनिटं. पावणेतीनला दारात सई उभी. "अंतरा परत आली?"

आनंदीबाई तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवून उठल्या. "ती तुझ्याकडे आली ना?"

"आली होती. पण मग ती तर गेली." सईने सांगितलं आणि लगेच ओठ मिटून घेतले.

"कुठे गेली?"

सई पायाच्या अंगठ्याने फरशी घासू लागली. शरदराव जिन्यावरून खाली आले. पोरीला दरडावलं तर ती रडेल आणि वेळ जाईल, एवढं त्यांना कळत होतं. ते पाटावर बसले, म्हणजे त्यांचं तोंड तिच्या तोंडासमोर आलं. "सई, कोणी रागावणार नाही. ती कुठे गेली ते सांग."

"ती निराचं काम करायला गेली."

"कोण निरा?"

"पिक्चरवाली. दीपगृहवाली."

शरदरावांनी आनंदीबाईंकडे पाहिलं. निराचं काम म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. छत्री घेऊन उडण्याचं दृश्य शरदरावांच्या डोळ्यांपुढे आलं. घाट, पायऱ्या, धुकं, खाली पाणी.

"निरा काय करते शेवटी?"

"शेवटी तर सगळे मिळून सूप पितात."

"तसं नाही. ती जाते कुठे?"

"ऐसे नाही सांगता येत, गद्रे आजोबा," सई म्हणाली. "क्रमाने सांगावं लागतं."

आयुष्यभर दुसऱ्यांकडून क्रमाने माहिती घेणाऱ्या माणसाला आता ऐकून घेणं भाग होतं. सई सांगू लागली. इंटरव्हलनंतर खेकडा गाणं म्हणतो. गाणं कसलं तर शेवाळाचं. "ते राहू दे," शरदराव म्हणाले. सई थांबली आणि कुठपर्यंत आलो ते विसरली. पुन्हा शेवाळापासून सुरू केलं. आनंदीबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना गप्प केलं.

"तर निराची आजी असते ना, तिची एक बहीण असते. ती पण बुढी. ती समोरच्या खडकावर राहते, बडा पत्थरचा किल्ला असतो, तिथे. दोघींची कट्टी असते. कुठल्या गोष्टीवरून ते पिक्चरमध्ये नाही सांगत. पण रोज शाम को ती तिकडे दिवा लावते आणि आजी इकडे लावते. दिवा दिसला की आजी म्हणते ठीक आहे, आणि जेवते. मग एके दिवशी दिवा नाही दिसत. दुसऱ्या दिवशी पण नाही. तीन दिवस. आजी म्हणते धुकं आहे म्हणून नाही दिसत. पण निरा म्हणते, नाही, धुक्यात पण दिवा थोडा तरी दिसतो."

सई पुढेही सांगत होती, होडी, लाटा, खेकड्याने नांगर कसा ओढला. पण शरदरावांनी पुढचं ऐकलं नाही. सकाळी चहाच्या वेळी आपण काय बोललो ते त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होतं. आनंदीबाईंनाही. त्या आधीच विश्वजीतचा नंबर लावत होत्या. फोन बंद होता.

"मी घाटाने जातो," शरदराव म्हणाले. "तू आतून जा, गल्लीने. ती परत येत असली तर दोघांपैकी एकाला सापडेल. सई, तू तुझ्या आईकडे जा आणि आमच्या दाराकडे लक्ष ठेवायला सांग."

पंचगंगा घाटावरून पुढे त्यांना नीट काही दिसत नव्हतं. दर पायरीवर काठी टेकत, भिंतीला हात लावत ते चालले. अंतराला दोनदा हाक मारली, तर धुक्यातून एका नावाड्याने विचारलं, "का भइल, बाबूजी?" लाल कानटोपीची मुलगी पाहिली का, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, दीडएक तासापूर्वी एक गेली, पायऱ्यांच्या वरच्या कडेने, भिंत धरून. पाण्यापासून लांब. ते ऐकून शरदरावांना पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. गणेश घाटापाशी पाय सवयीने वळायला गेले. त्यांनी ते पुढे टाकले.

भोसले घाटाच्या मागच्या घराचा जिना ते अकरा वर्षांनी चढत होते. मधल्या वळणावर थांबून त्यांनी दम घेतला. वर दार उघडंच होतं आणि दारात अंतराचे बूट होते, नीट जोडून ठेवलेले.

विश्वजीत खाटेवर दोन रजया घेऊन पडला होता. दाढी वाढलेली, डोळे लालसर, आणि श्वास घेताना छातीत घुरघुर ऐकू येत होती. उशाशी पाण्याचा तांब्या आणि वाटीत मीठ-साखर घातलेलं पाणी. अंतरा खाटेच्या कडेला वेताचा बुटका मोढा ओढून बसली होती. आजोबांना पाहून ती उभी राहिली, पण घाबरलेली दिसली नाही.

शरदराव उंबऱ्यातच उभे राहिले.

"ये," विश्वजीत म्हणाला. आवाज घोगरा होता. "चप्पल बाहेर काढ. हिने आत्ता फरशी पुसलीय."

शरदरावांनी चप्पल काढली आणि आत येऊन भावाच्या कपाळावर हात ठेवला. चांगलाच ताप होता. "कधीपासून?"

"रविवारपासून. फोन काल पडला तो बंदच झाला. खालचे लोक लग्नाला गेलेत. म्हटलं उतरेल आज-उद्या." त्याला खोकल्याची उबळ आली. शरदरावांनी त्याला उठवून बसवलं आणि पाठीमागे उशी लावली. उबळ शमल्यावर विश्वजीत म्हणाला, "हिने मला तो सगळा सिनेमा सांगितला. दीपगृहाचा."

"हं."

"छत्रीने एवढी खाडी ओलांडून इतक्या लवकर परत येणं शक्य नाही."

"तेच म्हणतोय मी महिनाभर," शरदराव म्हणाले. "चहा उकळायच्या आत."

"वारा जाताना पाठीमागून असेल तर येताना समोरून येणार."

"हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता."

अंतराने दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही दोघं सेम टू सेम बोलता."

तेवढ्यात आनंदीबाई जिना चढून आल्या. त्यांनी आधी अंतराला जवळ घेतलं, मग तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग दिराकडे वळल्या. पुढचं सगळं भराभर झालं. सुमंत बँकेतून आला. विश्वजीतला खुर्चीत बसवून गल्ल्यांमधून मुख्य रस्त्यापर्यंत न्यावं लागलं, कारण घरापर्यंत गाडी पोचत नाही. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, न्यूमोनियाची सुरुवात आहे म्हणाले, औषधं सुरू केली. आणखी दोन दिवस गेले असते तर भरती करावं लागलं असतं, हेही सांगितलं. तिथून त्याला भोसले घाटावर परत न्यायचा प्रश्नच नव्हता. आनंदीबाईंनी दुर्गाघाटावरच्या घरी खालच्या खोलीत त्याचं अंथरूण आधीच घातलं होतं.

अंतराला रागवायचं काम शरदरावांनी स्वतःकडे घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला समोर बसवलं. "तू जे केलंस त्याने तुझ्या धाकट्या आजोबांचं भलं झालं. पण न सांगता गेलीस हे चुकलं. कंट्रोलला न कळवता गाडी सोडायची नसते. पाय घसरला असता तर आम्हाला कळलंही नसतं तू कुठे आहेस. आणि हाच त्या सिनेमाचा मोठा दोष आहे. ती मुलगी कोणाला न सांगता होडी काढते."

"सांगते ना," अंतरा म्हणाली. "खेकड्याला सांगते. म्हणून तर तो आजीला जाऊन बोलवतो. मी पण सईला सांगितलं होतं. तुम्ही विचारलं की बताना, असं."

शरदरावांनी विचारलं, "तो खेकडा आजीला बोलावतो?"

"इंटरव्हलच्या बाद."

"मग पुढच्या वेळी मला सांगून जायचं. खेकड्याला नाही," ते म्हणाले, आणि तो विषय संपला. अंतराने मान हलवली. आठवडाभर तिने शेजारी जातानाही सांगून परवानगी घेतली.

विश्वजीत दुर्गाघाटावर पंधरा दिवस राहिला. चौथ्या दिवशी ताप उतरला तसा अंतराने दुपारी टीव्ही त्याच्या खोलीत आणवला. सई आली. शरदराव खुर्ची घेऊन बसले आणि तो सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. पहिल्या अर्ध्या भागात ते चुळबुळत होते. खेकड्याने ढेकर दिली की त्यांचं तोंड कडू व्हायचं. विश्वजीत मात्र पहिल्या ढेकरेला हसला, दुसरीलाही हसला, आणि हसताना खोकला आला तरी हसत राहिला. इंटरव्हलनंतर शरदरावांची चुळबुळ थांबली. दिवा न लागण्याचं दृश्य आलं तेव्हा आनंदीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. होडी किल्ल्याला लागते, निरा जिना चढते आणि वरच्या अंधाऱ्या खोलीत एका म्हातारीचा हात दिसतो. सईने डोळे मिटले. अंतराने तिचा हात धरला आणि म्हणाली, "डरू नको, जिंदा आहे."

संपल्यावर शरदरावांनी चष्मा पुसला. संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर लिहिलं, आणि हे लिहायला त्यांना अर्धा तास लागला: 'डिसेंबरमध्ये मी दीपगृहाच्या सिनेमाबद्दल लिहिलं होतं ते अर्धाच पाहून लिहिलं होतं. तसं लिहायला नको होतं. आज दुपारी पूर्ण पाहिला. पहिला भाग आजही वाईट आहे. दुसरा भाग मुलांबरोबर मोठ्यांनी बसून पाहावा. न सांगता कोणी कुठे जाऊ नये हे मुलांना वेगळं सांगावं. यापुढे पूर्ण पाहिल्याशिवाय मत देणार नाही.' खाली बऱ्याच जणांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली. सईच्या आईने लिहिलं, 'काका, आमच्या घरी आता सातव्यांदा चालू आहे.'

पोथ्यांचं काय झालं, तर त्यांचा विषय त्या पंधरा दिवसांत एकदाच निघाला. जेवताना विश्वजीत म्हणाला, "विचारायला हवं होतंस." शरदराव म्हणाले, "हो, विचारायला हवं होतं. पण दिल्या ते बरोबरच केलं." विश्वजीतने ताटावरून हात काढला. आनंदीबाईंनी दोघांना आमटी वाढली आणि सांगितलं की ज्याला भांडायचं असेल त्याने आधी जेवून घ्यावं. त्यांनी जेवण पुरं केलं. भांडण पुढे गेलं नाही आणि मिटलंही नाही. ते आजही आहे, पण आता ते समोरासमोर बसून होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला गीता नागपूरहून परतली. तिने सगळी हकिगत आनंदीबाईंकडून ऐकली, संकठा देवीच्या देवळात, प्रदक्षिणा घालता घालता. घरी येऊन तिने नवऱ्याला काही विचारलं नाही. फक्त पुढच्या रविवारी चार वाजता त्याचं धोतर आणि शाल काढून ठेवली आणि म्हणाली, "चला, मलाही बघायचंय तुम्ही दोघं भाऊ टीव्हीसमोर बसता ते."

तेव्हापासून रविवारी दुपारी गद्र्यांच्या खालच्या खोलीत सिनेमा असतो. गल्लीतली सहा-सात पोरं येतात, कधी त्यांच्या आया येतात. गीता पंधरा मिनिटांत पेंगते. विश्वजीतची मतं शरदरावांच्या मतांच्या नेमकी उलट आहेत. त्याला बोलणारे प्राणी आवडतात, गाणी जितकी मोठ्याने तितकी बरी वाटतात, आणि दुष्ट माणूस शेवटी सुधारला की त्याला फसवल्यासारखं होतं. शरदरावांना सुधारलेलाच बरा वाटतो. सिनेमा संपला की दोघं मोठ्या आवाजात वाद घालतात आणि पोरं मधे बसून चिवडा खातात.

ग्रुपवर आजही नव्या सिनेमाबद्दल कोणी विचारलं की शरदराव लिहितात, पण आता पूर्ण पाहून, एक दिवस उशिरा. त्याच्याखाली विश्वजीत आपलं लिहितो. मागच्या महिन्यात एका जंगलाच्या सिनेमाला शरदरावांनी 'नको' म्हटलं आणि विश्वजीतने 'जरूर न्या, माकड फार छान आहे' म्हटलं. त्यावर सईच्या आईने विचारलं, "काका, मग नक्की करायचं काय?" दोघांपैकी कोणाचंच उत्तर आलं नाही, कारण दोघं तेव्हा खाली घाटावर बसून त्या माकडाच्याच गोष्टीवरून भांडत होते. तिने मुलांना घेतलं आणि ती सिनेमाला गेली.